आई ज्याची आरती करतात तोपण कॅक्टसच

दरवर्षी पावसाळ्यात आमच्या बाल्कनीत एक रात्र सोहळ्याची असते. ब्रह्मकमळाची कळी खाली लोंबत असते ती मान वर करायला लागली की आई (म्हणजे सासूबाई) लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात "आज रात्री" आणि मग नऊनंतर एकेक जण दारात चपला काढून आत येतो, हळदकुंकू होतं, निरांजन ओवाळलं जातं, सगळ्यांचे मोबाईल वर आणि मी आत कॉफी करत असते. सकाळी तेच फूल ओल्या रुमालासारखं लोंबतं.

याच आई, मी पहिला कॅक्टस घरी आणला तेव्हा म्हणाल्या होत्या, "अगं काटेरी झाड घरात ठेवू नये, भांडणं होतात." भांडणं तशीही होतात ती गोष्ट वेगळी.

आता गंमत अशी की ते ब्रह्मकमळसुद्धा कॅक्टसच आहे. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, उत्तराखंडचं राज्यपुष्प, सूर्यफुलाच्या कुळातलं. आपण घरोघरी लावतो ते एपिफायलम, मूळचं मेक्सिको-ग्वाटेमाला भागातलं, तिथल्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचं चपटं झालेलं खोड, म्हणून तर कळी 'पानाच्या' कडेतून फुटते. हे सगळं मी आईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल. पण त्याला काटे नाहीत ना." विषय संपला.

तर माझा तो पहिला कॅक्टस. नर्सरीतून आणलेला, लिंबाएवढा, डोक्यावर झक्क गुलाबी फूल. तीन महिने झाले तरी फूल कोमेजेना आणि मी सगळ्यांना दाखवत सुटले. वर कमाल म्हणजे हवा दमट झाली की ते मिटायचं, ऊन पडलं की परत उघडायचं, म्हणजे जिवंत नाही म्हणायला जागाच नाही! मग एक दिवस पोरानं खेळताना ते उपटलं आणि खाली ग्लूगनच्या डिंकाचा पारदर्शक गोळा निघाला. कागदासारख्या पाकळ्यांचं एक खरंखुरं पण वाळलेलं फूल चिकटवलेलं होतं. त्या फुलांच्या पाकळ्या वाळल्यानंतरही दमट हवेत मिटतात, हे मला नंतर कळलं. डिंकाखालचा शेंडा मात्र पार खराब झाला होता. नर्सरीत डोक्यावर फूल असलेला कॅक्टस दिसला तर आधी फुलाच्या बुडाशी बघा, एवढंच सांगते.

खरा नाद लागला तो एकिनॉप्सिस नावाच्या गोल कॅक्टसमुळे. मैत्रिणीने सुपारीएवढं पिल्लू दिलं होतं, "हे मरत नाही" म्हणून. मेलं नाहीच. चार वर्षांत नारळाएवढं झालं आणि अंगाला वीसेक पिल्लं, पण फूल शून्य. मी बिचारी दर रविवारी पाणी, महिन्यातून एकदा एकोणीस-एकोणीस-एकोणीस खत, आणि शेजारणीच्या गुलाबाकडे बघून सुस्कारे.

मग एका जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात कॅक्टसच्या टेबलापाशी एक काका भेटले. त्यांना विचारलं फूल का येत नाही, तर त्यांनी उलट विचारलं, "आत्ता पाणी घालता का?" म्हटलं हो, आठवड्याला. "मग कशाला येईल फूल? दिवाळी झाली की पाणी बंद, होळीला सुरू. थंडी लागू दे, तहान लागू दे. तुम्ही नुसते लाड करताय, ते पोरं वाढवत बसलंय."

हे मला आवडलं नाही पण पटलं. ही झाडं मूळची दक्षिण अमेरिकेतली, तिकडे हिवाळा गार आणि कोरडा, त्या काळात ती गप्प बसतात आणि त्या विश्रांतीतच फुलांची तयारी होते. आपल्या पुण्याची डिसेंबर-जानेवारीतली रात्र त्याला अगदी योग्य, फक्त आपण मधे पाणी घालून झोपमोड करतो. शिवाय नत्र जास्त झालं की झाड पोसतं, पिल्लं काढतं, फुलावर येत नाही.

पुढच्या दिवाळीनंतर पाणी बंद. अर्धी पिल्लं काढून वाटली, कुंडी कठड्यावर दक्षिणेच्या उन्हात. (हे हळूहळू करा. ग्रीननेटखालून आणलेलं झाड मी एकदा थेट एप्रिलच्या गच्चीवर ठेवलं होतं, चार दिवसांत अंगावर पांढरट करपलेले चट्टे, ते जन्मात जात नाहीत.) जानेवारीपर्यंत त्याच्या धारा (अंगावरच्या उभ्या कडा) आत गेल्या, अंग सुरकुतलं, आई रोज बघून जायच्या आणि शेवटी म्हणाल्याच, "मेलं वाटतं." हात शिवशिवत होता पण नाही घातलं पाणी. होळीच्या दुसऱ्या दिवशी घातलं, खालून वाहून जाईपर्यंत, आणि पंधरा दिवसांनी चिमूटभर झिरो-बावन्न-चौतीस, म्हणजे नत्र नसलेलं खत.

मार्चअखेर एका काट्यांच्या पुंजक्यापाशी काळपट केसाळ ठिपका दिसला. पिल्लू असेल तर ते हिरवं आणि पहिल्यापासून काटेरी असतं, कळी मात्र उंदराच्या पिल्लासारखी लवदार. मी मुलाच्या कंपासमधली पट्टी घेऊन रोज मोजायला लागले. पहिले दहा-बारा दिवस जेमतेम सेंटिमीटर. मग एकदम वेग घेतला आणि शेवटी शेवटी रोज दोन-तीन सेंटिमीटर, सकाळी ऑफिसला जाताना एवढी तर आल्यावर एवढी! मोजून अठरा सेंटिमीटरचा केसाळ दांडा झाला आणि टोकाला कळी फुगली.

उघडलं ते संध्याकाळी. सातला पाकळ्या सैल, साडेआठला तळहाताएवढं फिकट गुलाबी फूल, मंद वास. रात्रीच्या पतंगांसाठी असतं ते सगळं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन चढलं तसं मान टाकली. पाच वर्षांत एक रात्र. नवरा म्हणाला, "हिशोब काही जमत नाही."

बाकी नुकसानही पुष्कळ केलंय. पहिल्या पावसाळ्यात सात कुंड्या सडल्या कारण मी नर्सरीतल्या कोकोपीटमध्येच (नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी धरून ठेवतो) ठेवल्या होत्या. आता अर्ध्याहून जास्त जाड वाळू आणि विटांचा चुरा (बाजरी ते ज्वारीच्या दाण्याएवढा, बारीक पूड चाळून टाकायची), थोडी माती, थोडं गांडूळखत, आणि जून ते सप्टेंबर वर प्लॅस्टिकचा पत्रा. पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) दिसला की कानातल्या काडीने स्पिरिट. एचेव्हेरिया (गुलाबासारखी जाड पानांची रचना असते ती) मात्र मी सोडून दिली. फोटोत फार गोड दिसते, आमच्याकडे एक पावसाळा टिकत नाही.

आणि सक्युलंट (जाड पानाखोडात पाणी साठवणारी झाडं) म्हटलं की सगळे मेक्सिको आणि आफ्रिकेकडे बघतात, आपल्या सह्याद्रीत शिंदळ माकुडी नावाचं सक्युलंट आहे ते कुणाला माहीतही नसतं. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर, दगडाच्या फटीत लोंबणारी, जाड खोडाची, तपकिरी-लाल फुलावर पिवळे ठिपके. जगात फक्त महाराष्ट्रात सापडते आणि अत्यंत दुर्मिळ आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला फ्रेरिया हे शास्त्रीय नाव मिळालं. ती दिसली तर फोटो काढा आणि पुढे चला, खुडून आणायची नाही, माझ्यासारखीला कितीही मोह झाला तरी.

असो. यंदा एकिनॉप्सिसला पाच कळ्या आहेत, त्यातल्या तीन बरोबरीने चालल्यात आणि माझ्या पट्टीच्या हिशोबाने शुक्रवारी संध्याकाळी उघडणार. शुक्रवारी साताऱ्याला भाचीचं लग्न, सकाळीच निघायचंय, मुक्काम आहे. काल जेवताना मी फक्त एवढंच म्हटलं की पाच वर्षं वाट बघून एकदा बघितलं आणि आता तीन एकदम येतायत तर नेमकं हे. नवऱ्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

आई ताटातला भात कालवत म्हणाल्या, "कुंडी गाडीत मागे ठेव माझ्या पायाशी. मी धरते. फक्त जुनं टॉवेल गुंडाळ, टोचतं ते."