पहिल्या ताऱ्यांचा चर्प लायगोत ऐकू येईल का? (कामाची नोंद)

यावेळी दोन गोष्टी करायच्या होत्या: जीडब्ल्यू१५०९१४ च्या, म्हणजे लायगो या अमेरिकेतल्या वेधयंत्रांनी २०१५ मध्ये टिपलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरीच्या, खुल्या डेटातून चर्प मास (लहरीचा चढत जाणारा सूर, म्हणजे चर्प, किती वेगानं चढतो हे ठरवणारं, दोन्ही कृष्णविवरांच्या वस्तुमानांतून येणारं वजन) काढायचा, आणि मग तेच कृष्णविवरांचं विलीनीकरण उचलून पहिल्या ताऱ्यांच्या काळात नेऊन बसवायचं.

पहिलं काम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केलंय, म्हणून पटकन उरकतो. ३२ सेकंदांची फाइल, व्हायटनिंग (यंत्राचा गोंगाट सगळ्या वारंवारितांवर सारखा करणं), ३५ ते ३५० हर्ट्झचा बँडपास (बाकीच्या वारंवारिता गाळणं), अमेरिकेतल्या विजेची ६० हर्ट्झची रेघ छाटली. लायगोच्या हॅनफर्डमधल्या यंत्राचा आलेख उलटा करून ७ मिलिसेकंद मागे सरकवला की लिव्हिंगस्टनमधल्या दुसऱ्या यंत्राच्या आलेखावर अलगद बसतो. कितीही वेळा करा, मजा येतेच. वारंवारितेच्या चढावरून चर्प मास आला सुमारे ३० सूर्यांइतका.

या तिसाला इतिहास आहे. लायगोला काही सापडायच्या आधीच, २०१४ मध्ये, तोमोया किनुगावा आणि सहकाऱ्यांनी लिहिलं होतं की पहिल्या ताऱ्यांच्या जोड्यांतून बनलेल्या कृष्णविवरांचा चर्प मास साधारण एवढाच असेल. त्या ताऱ्यांत हायड्रोजन-हेलियमपलीकडे जवळपास काहीच नव्हतं. जड मूलद्रव्यं नाहीत म्हणजे प्रकाशाच्या रेट्यानं वाहणारा तारकीय वाराही क्षीण. वस्तुमान उधळलं जात नाही आणि शेवटी कृष्णविवर वजनदार बनतं. पण जड मूलद्रव्यं कमी असलेल्या नंतरच्या ताऱ्यांतूनही ३० सूर्यांचं कृष्णविवर होतंच की! हार्टविग आणि मंडळींनी २०१६ मध्ये गणित मांडलं, तर जीडब्ल्यू१५०९१४ पहिल्या ताऱ्यांपासूनचं असण्याची शक्यता निघाली जेमतेम १ टक्का. तेव्हा नुसत्या वजनावरून कुळ ठरवणाऱ्या बातम्या वाचल्या की माझी चिडचिड होते.

कुळ ठरवायचं तर विलीनीकरणच त्या काळातलं सापडायला हवं. म्हणून पायसीबीसीत (गुरुत्वीय लहरींचं खुलं सॉफ्टवेअर) ३६ आणि २९ सूर्यांची तीच जोडी रेडशिफ्ट १० ला ठेवली, म्हणजे इतक्या दूर की विश्वाच्या प्रसरणानं लहर ११ पट ताणली जाते. इथे लक्षात ठेवा, या ताणामुळे कोडमध्ये वस्तुमान ११ नं (१ + रेडशिफ्ट) गुणून द्यायचं: ३९६ आणि ३१९. अंतर सुमारे १,०६,००० मेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं). आलेख बघून गप्पच झालो. २५० हर्ट्झचं टोक २५ हर्ट्झवर आलं, ०.२ सेकंदांचा चर्प २ सेकंदांचा झाला आणि उंची साधारण पंचविसाव्या भागावर घसरली. उंचीचं एक वेळ सोडा, पण २० हर्ट्झच्या खाली लायगोला जमिनीची थरथरच जास्त ऐकू येते, आणि आपला जवळजवळ सगळा चर्प तिथेच बुडाला. वर उरला शेवटचा एखादा हिसका.

औंढा नागनाथच्या लायगो-इंडियाबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून आत्ताच सांगतो: लहरी आकाशात कुठून आल्या हे ठरवायला ती फार उपयोगी पडेल, पण यंत्र त्याच जातीचं, त्यामुळे कमी वारंवारितेची ही मर्यादा तिलाही चुकणार नाही. त्यासाठी काही हर्ट्झपासून ऐकू शकेल असा, जमिनीखाली बांधायचा आइन्स्टाइन टेलिस्कोप लागेल.

पुढच्या खेपेला त्याचा नियोजित संवेदनशीलतेचा वक्र याच आलेखाखाली टाकून सिग्नल-टू-नॉइज (गोंगाटाच्या तुलनेत लहर किती ठळक) काढणार आहे. २ हर्ट्झपासून वेव्हफॉर्म (लहरीचा गणिती आलेख) सुरू केला की माझा लॅपटॉप धापा टाकतो. कुणी सॅम्पलिंग (दर सेकंदाला घेतलेल्या नोंदी) कमी करून चालवलं असेल तर किती ठेवलं ते कळवा.