तुम्ही विचारलंत म्हणून: शहरातल्या मोठ्या राईडला मी येऊ का?

शहरात मोठी सायकल राईड जाहीर झाली की मला एक प्रश्न हमखास येतो. "आम्ही काही रोज सायकल चालवत नाही. एवढं अंतर झेपेल का?" विचारणारा कॉलेजातला असो की पन्नाशीतला, धास्ती अंतराचीच असते. मी म्हणते, अंतराचं नंतर बघू. आजूबाजूला हाताच्या अंतरावर माणसं असताना तुम्हाला सायकल सरळ चालवता येते का, ते आधी सांगा.

यावर बहुतेक जण हसतात. सरळ काय, कोणीही चालवतं! हो, रस्ता मोकळा असेल तर चालवतं. आता चालवता चालवता जरा मागे वळून बघा. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागोमाग हँडल जातं आणि सायकल त्या बाजूला सरकते. एकटे असताना हे कळतही नाही. राईडमध्ये मात्र तुम्ही जिथे सरकलात तिथे आधीच कोणीतरी असतं.

म्हणून माझ्या मते तयारीचा पहिला आठवडा किलोमीटर मोजण्यात घालवू नये. मोकळं मैदान किंवा रिकामं पार्किंग गाठावं आणि जमिनीवरच्या एखाद्या पांढऱ्या पट्ट्यावरून सायकल चालवावी. मित्राला मागे उभं करून बोटं दाखवायला सांगावं आणि पट्टा न सोडता वळून ती किती आहेत ते सांगावं. कोपर ताठ असेल तर जमत नाही, सैल सोडलं की जमतं. मग एक हात सोडून वळण्याची खूण करावी. मग बाटली काढून, पाणी पिऊन परत ठेवावी, तीही खाली न बघता. हे सगळं पोरकट वाटतं, पण राईडच्या दिवशी उपयोगी पडतं ते हेच.

दुसरी तालीम हळू चालवण्याची. मोठ्या राईडची सुरुवात वेगाने होत नाही. शेकडो सायकली एकदम निघतात तेव्हा पहिली काही मिनिटं सगळा जमाव पायी चालल्यासारखा पुढे सरकतो, आणि वेग कमी झाला की सायकल डगमगते. हलका गिअर टाका, पॅडल मारत राहा, मागचा ब्रेक किंचित दाबून ठेवा आणि नजर पुढच्या चाकावर नको, लांब ठेवा. पाय न टेकवता जितकं हळू जाता येईल तितकं जाऊन बघा. मला विचाराल तर दहा किलोमीटर जोरात मारण्यापेक्षा हे अवघड आहे.

आता चाकांबद्दल. तुमचं पुढचं चाक पुढच्या माणसाच्या मागच्या चाकाच्या शेजारी, म्हणजे थोडंसं आत गेलेलं कधीच ठेवू नका. तो जरा बाजूला आला आणि चाकाला चाक लागलं तर पडतो तो बहुतेक वेळा मागचा. सायकलचा तोल हँडलवर असतो. ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपण नकळत हँडल वळवतो आणि ती सावरते. पुढचं चाक कशाला तरी घासून अडलं की ते वळवणंच बंद होतं. पुढच्याला नुसता धक्का बसतो, त्याचं हँडल मोकळंच असतं. तो मागे वळून बघेपर्यंत तुम्ही रस्त्यावर असता. त्यामुळे एक तर पूर्ण मागे राहा, नाहीतर हातभर अंतर सोडून शेजारी या.

ब्रेकचंही तसंच. पुढच्या कोणीतरी वेग जरासा कमी केला की त्याच्या मागचा जरा जास्त कमी करतो, त्याच्या मागचा आणखी, आणि बऱ्याच मागच्याला कारण न कळता पाय टेकवावा लागतो. यावर उपाय म्हणजे समोरच्या पाठीला चिकटून न बघता दोन-तीन माणसांपलीकडे बघायचं आणि दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे. थांबताना वजन पुढे येतं, म्हणून सायकल मुख्यतः पुढचाच ब्रेक थांबवतो. पण तो एकदम आवळला तर मागचं चाक उचलतं. थांबायचंच असेल तर हात वर करा, मोठ्याने "थांबतेय!" म्हणा आणि कडेला जा. मध्येच थांबून फोटो काढणाऱ्यांबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही.

राईड कोणत्या प्रकारची आहे तेही आधी विचारून घ्या. न्यूयॉर्कची फाइव्ह बोरो बाइक टूर १९७७ मध्ये सुरू झाली. आता तिथे हजारोंच्या संख्येने लोक ४० मैल, म्हणजे साधारण ६४ किलोमीटर जातात, आणि त्यांच्यासाठी रस्ते गाड्यांना बंद असतात. याउलट १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली क्रिटिकल मास ही आयोजकाशिवायची राईड. ठरल्या दिवशी लोक जमतात आणि चालू वाहतुकीतून निघतात. रस्ता बंद असेल तर तुम्हाला फक्त सायकलवाले सांभाळायचे असतात. उघडा असेल तर उभ्या गाडीचा दार उघडण्याचा क्षण, सिग्नल आणि बस हेही आलं. पहिलीच वेळ असेल तर बंद रस्त्याची राईड निवडा.

सायकल नवी घेऊ का, असंही विचारतात. नको. आहे तीच चांगली करा, आणि आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी. काही बदललं तर त्यावर एकदा तरी चालवून बघता येतं. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. ब्रेक पूर्ण दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकता कामा नये. चेन पुसून तेल द्या आणि वरचं तेल परत पुसा, नाहीतर धूळ चिकटते. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. गुडघे दुखण्याच्या तक्रारींचं मूळ बरेचदा खाली ठेवलेल्या सीटमध्ये असतं.

जवळ एक ट्यूब, टायर लिव्हर (टायर चाकावरून सोडवायची पट्टी) आणि छोटा पंप असू द्या. पंक्चर झालं तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. बाहेरून न दिसणारा काटा किंवा काचेचं टोक तिथेच बसलेलं असतं. ते तसंच राहिलं तर हवा भरून उठेपर्यंत दुसरी ट्यूबही जाते.

राहिलं अंतर. हातात दीड-दोन महिने असतील तर दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. राईडच्या अंतराच्या साधारण दोन-तृतीयांश एकदा आरामात झालं की उरलेलं त्या दिवशी होतं. शेवटचे तीन-चार दिवस पाय मोकळे करण्यापुरतंच चालवा. घरापासून सुरुवातीच्या जागेपर्यंतचं आणि परतीचं अंतरही धरा, ते सगळे विसरतात. नवे बूट, नवी चड्डी, कधी न खाल्लेला पदार्थ, काहीच त्या दिवशी पहिल्यांदा नको. पाणी तहान लागायच्या आधीपासून घोट घोट प्या.

अलीकडे आणखी एक प्रश्न येतो: मुलीला आणू का? जरूर आणा, पण लहान अंतराच्या राईडला. ती कडेला, तुम्ही आतल्या बाजूला, म्हणजे ओव्हरटेक करणारे तुमच्या बाजूने जातील. वेग तिचा, आणि थांबायचं ती म्हणेल तेव्हा.