फुलपाखराच्या डोळ्याने जास्वंद बघायची होती – माझा अनुभव

काही फुलपाखरांच्या डोळ्यांना पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशाच्या लहरी कोणत्या दिशेत कंप पावतात ते, कळतं हे वाचल्यापासून डोक्यात एकच, मग त्यांना फुलाचा रंग कसा दिसत असेल? शेवटी कॅमेऱ्याला पोलरायझिंग फिल्टर (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड आत सोडणारी काच) लावून स्वतःच बघायचं ठरवलं. कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर लाल जास्वंद, फिल्टर ०, ४५, ९० आणि १३५ अंशांवर फिरवून चार फोटो काढायचे आणि लाल, हिरवा, निळा चॅनेल (फोटोतला त्या त्या रंगाचा भाग) वेगवेगळा घेऊन उजेड किती बदलला ते मोजायचं.

पहिला दिवस वाया गेला. एक्स्पोजर ऑटोवर राहिलं होतं, फिल्टर फिरवला की कॅमेरा उजेड आपोआप सारखा करायचा, म्हणजे जे मोजायचं तेच पुसलं जात होतं. दुसऱ्या दिवशी सगळं मॅन्युअल, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःहून फेरफार न केलेली. वाऱ्याला मात्र इलाज नाही, पाकळी जराशी हलली की चार फोटो एकमेकांवर बसत नाहीत आणि कडेला खोटे रंग उमटतात, वारा पडेपर्यंत गप बसून राहायचं.

पण मग जे दिसलं ना! लाल चॅनेल चारही फोटोंत जवळजवळ तसाच आणि निळा चांगलाच खालीवर. पाकळीच्या आत शिरून परत येणारा लाल उजेड इतका विखुरलेला असतो की त्याला ठराविक दिशा उरत नाही, वरच्या वर परतणारी पांढरट चकाकी मात्र पोलराइज्ड असते, आणि निळ्या उजेडात पाकळी जवळपास काळीच, त्यामुळे तिथे उरते ती फक्त चकाकी.

आता डोळ्यातल्या निळ्याच्या पेशी एका दिशेच्या पोलरायझेशनला जास्त प्रतिसाद देणाऱ्या आणि लालच्या दुसऱ्या दिशेच्या असतील तर बघायचा कोन बदलला की छटाच बदलणार. पॅपिलिओ एजियस फुलपाखराचं असंच होतं, संशोधक आल्मुट केल्बर यांनी १९९९ मध्ये दाखवलं की अंडी घालायला जागा निवडताना पोलरायझेशन बदललं तर त्याला रंगच बदलल्यासारखा वाटतो.

शेवटच्या सेटला १३५ अंशांच्या फोटोत नेमकी एक मधमाशी येऊन बसली, मोजण्यासाठी तो सेट वाया गेला. तिच्या डोळ्यात बहुतेक ठिकाणी प्रकाश पकडणाऱ्या पेशी लांबीभर पिळलेल्या असतात, त्यामुळे पोलरायझेशन तिथल्या तिथे पुसलं जातं, फक्त वरच्या कडेला आकाश वाचण्यापुरतं ते शिल्लक असतं. मी चार फोटो काढून जी चकाकी शोधत होते, तिच्यामुळे पाकळीची छटा बदलल्याचं तिला कळतच नव्हतं. तो फोटो मी ठेवलाय.