कागदाची पानगळ

शनिवार, रात्री

टेबलभर कात्रणं पसरली आहेत आणि बोटांवर वाळलेल्या फेविकॉलचे पापुद्रे आहेत. ते सोलत सोलतच हे लिहितेय. दारावर लावायचं पानगळीचं कडं, म्हणजे कागदी पानांचं गोल तोरण, अजून अर्धंच झालंय, पण आज हाताला जे उमगलं ते उद्या डोक्यात राहीलच असं नाही.

कागदाची पानं करायची म्हटलं की सगळे आधी रंगाच्या मागे लागतात. लाल कुठला घ्यायचा, नारिंगी कुठला, मातकट पिवळा मिळेल का. मला तर आता वाटायला लागलंय की रंगाचं नंतर बघावं, पानगळ दिसते ती वळणात. झाडाचं पान वाळतं तेव्हा सगळीकडून सारखं वाळत नाही. शिरा ताठ राहतात, मधला पातळ भाग आकसतो, कडा वर उचलल्या जातात, टोक मुरडतं. लालभडक कागद कापून सपाट चिकटवला तर ते पानाचं चित्र होतं, पान होत नाही. याउलट साध्या खाकी कागदाचं पान नीट मुरडलेलं असलं, तर चार पावलांवरून नजर फसते.

आणि कागद मुरडायला फार झटावंही लागत नाही, कारण तोही मुळात वाळलेल्या झाडाचाच. पानाच्या पेशींच्या भिंतींत जे सेल्युलोज असतं, तेच कागदाच्या तंतूंत असतं. कागद बनताना लगदा पळत्या जाळीवर पसरतो आणि बहुतेक तंतू जाळीच्या दिशेने लांबट पडतात. तंतूला पाणी लागलं की तो लांबीने जवळपास तेवढाच राहतो, पण जाडीने फुगतो. म्हणजे कागद एकाच बाजूने पसरतो, आणि वळतोही ठरावीक बाजूनेच. तंतूंची दिशा ओळखणं सोपं आहे. कागद आधी उभा, मग आडवा, हलकेच वाकवून बघायचा. ज्या वेळी तो मुकाट्याने वाकेल, त्या वेळी पडणाऱ्या बाकाला समांतर तंतू. शंका असेल तर एका कोपऱ्यात फाडून बघावं. तंतूंच्या दिशेने फाटतो तो सरळ, आडवा फाटतो तो वेडावाकडा.

संध्याकाळी एकाच कागदातून दोन पानं कापली. एकाची मधली शीर तंतूंना समांतर ठेवली, दुसऱ्याची आडवी. दोघांच्या पाठीवरून ओला ब्रश फिरवला. पहिल्याच्या दोन्ही कडा उचलल्या गेल्या आणि मध्ये पन्हळ तयार झाली. दुसरं देठापासून टोकापर्यंत कमानीसारखं वाकलं. पानाच्या वाळण्याच्या दोन तऱ्हा घरबसल्या मिळाल्या, आणि त्याही एका कपातल्या पाण्यावर! मात्र हे वळण टिकाऊ नसतं. ओली बाजू फुगलेली असते तोवर पान कोरड्या बाजूकडे वळतं, वाळता वाळता सैल पडतं, कधी उलटंही फिरतं. म्हणून ओलसर असतानाच पेन्सिलीभोवती गुंडाळायचं, नाहीतर वाटीच्या आत टेकवून ठेवायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हात न लावणं हाच यातला सगळ्यात अवघड भाग.

शिरांसाठी शाई संपलेलं बॉलपेन. खाली जुनं मासिक ठेवून पाठीमागून जरा दाबून रेघ ओढली की पुढे शीर उठते. कागद ओला करण्याआधीच हे करायचं, कारण ओला कागद त्या टोकाने फाटतो. जाडीचं म्हणाल तर १२० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा कागद मला सगळ्यात आवडला. छपाईचा नेहमीचा ८० जीएसएमचा पाण्याने लगेच मऊ पडतो आणि त्याला टोकदार वळण राहत नाही. २०० च्या पुढचं कार्डशीट वाकवताना घडीवर चिरतं.

आता रंग. दुय्यम म्हटलं तरी सोडवत नाहीच. दिवस लहान व्हायला लागले की पानातलं हरितद्रव्य तुटत जातं आणि नवीन बनायचं थांबतं. पिवळा आणि नारिंगी रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. हिरवं ओसरलं की तो दिसतो. लाल मात्र नव्याने तयार होतो. पानात अडकलेल्या साखरेपासून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य बनतं, आणि लख्ख ऊन असलेले दिवस व थंड, पण गोठवणाऱ्या नसलेल्या रात्री मिळाल्या तर ते भरपूर बनतं. म्हणून लाली उन्हात असलेल्या भागावर जास्त चढते आणि दुसऱ्या पानाच्या सावलीत राहिलेला तुकडा पिवळाच राहतो. शेवटी उरतो तो तपकिरी.

हे डोक्यात ठेवलं की ब्रश कुठे फिरवायचा हे वेगळं ठरवावं लागत नाही. आधी सगळ्या पानाला पातळ पिवळा हात. तो ओला असतानाच शिरांच्या कडेने किंचित हिरवा सोडायचा, कारण बऱ्याच झाडांत शिरांजवळचं हिरवं सगळ्यात शेवटी जातं. लाल फक्त एका बाजूला, उन्हाची बाजू ठरवून. कडांना तपकिरी, तोही तुटक. पानभर सारखा लाल हा फक्त रंगीत कागदाच्या गठ्ठ्यात असतो. गिंको या झाडाच्या पानाला मात्र लाल लावायचा नाही. त्याचं पंख्यासारखं पान निखळ पिवळंच होतं, आणि कड्यात अशी दोनचार पिवळी पानं असली की बाकीच्यांचा लाल आपोआप उठतो.

चमकी मी लावणार नाही. कुणी कितीही सुचवलं तरी नाही.

रविवार, दुपारी

सकाळी कड्याचं बूड तयार केलं. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, बाहेरून ३० सेंटीमीटर, आतून २०. त्या एकमेकींवर चिकटवताना एकीच्या पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या आणि दुसरीच्या आडव्या येतील असं फिरवून घ्यायचं. प्लायवूडचे थरही असेच उलटसुलट लावतात, म्हणून ते सहसा वाकत नाही. वर जड पुस्तकं ठेवली.

मधल्या भोकाचा हिशेब आधीच करावा लागतो. पानं दोन्ही कडांवरून साधारण साडेतीन सेंटीमीटर बाहेर येतात. म्हणजे बाहेरचा व्यास ३७ होतो आणि आतलं भोक २० वरून १३ वर येतं, एकूण रुंदीच्या जेमतेम एक तृतीयांश. याहून लहान झालं की ते कडं राहत नाही, थाळी होते. मोठी पानं हवी असतील तर चकती कापतानाच आतलं वर्तुळ मोठं घ्यायचं.

पानं मांडत होते तेव्हा लेक शेजारी येऊन बसली. बराच वेळ बघून म्हणाली, "आई, ही पानं झाडावरची आहेत का पडलेली?"

मी हातातलं पान तसंच धरून बसले. तोवर सगळी पानं एकाच दिशेने, माशाच्या खवल्यांसारखी, एकावर एक लावत चालले होते. कड्याची सर्रास रीत तीच आहे. मागच्या पानाचा देठ पुढच्याने झाकला जातो आणि शेवटचं पान पहिल्याखाली सरकवलं की सांधा दिसत नाही. पण पडलेली पानं अशी शिस्तीत कुठे पडतात? कुणी पालथं, कुणी उताणं, कुणी दुसऱ्याच्या काखेत अडकलेलं.

"पडलेली," मी म्हटलं.

"मग काही उलटी लाव ना."

लावली. पानाची खालची बाजू वरच्यापेक्षा फिकट असते, आणि माझ्या पानांची पाठ तर कोरीच होती, नुसत्या शिरा दाबलेल्या. तिच्यावर चहाचं पातळ पाणी फिरवलं तेवढ्याने काम झालं. सगळ्यात खालचा थर शिस्तीतलाच ठेवला, कारण पुठ्ठा झाकायचं काम त्याचं. त्याच्यावर मध्यम आणि लहान पानं वेड्यावाकड्या दिशांनी, डाव्या खालच्या अंगाला दाटीने आणि वर जाताना विरळ. चारी बाजूंना समान वाटणी केली की कडं घड्याळासारखं दिसायला लागतं. बारा वाजता एक फळ, तीन वाजता एक फळ. ओकची फळं चुरगळलेल्या खाकी कागदाची केली, तीही तीनच, सगळी एका कोपऱ्यात. लेकीला आणखी हवी होती. तिला तिचं वेगळं कडं करायला चकती कापून दिली.

फेविकॉल फक्त देठाजवळ, थेंबभर. पूर्ण पानाला लावला तर त्यातल्या पाण्याने कालची सगळी वळणं मोडतात. वरच्या थरातली काही पानं पुठ्ठ्यापासून उचलून धरायला त्यांच्याखाली पुठ्ठ्याचे लहान चौकोन ठेवले. सावली पडते ती त्यामुळेच, आणि सावली नसली तर एवढं मुरडून उपयोग काय?

वजनाची काळजी नाही. ए-फोर आकाराचे १६ कागद मिळून जवळपास एक चौरस मीटर भरतो, म्हणजे १२० जीएसएमचा एक कागद साडेसात ग्रॅमचा. कात्रणं वजा जाता सगळं कडं पुठ्ठ्यासकट शंभर ग्रॅमच्या आतबाहेर येईल. अडचण उलटी आहे. इतकं हलकं की दार आपटलं की उडतं. वर दोऱ्याचा फास आणि खाली मागच्या बाजूला दुहेरी टेपचा तुकडा, एवढं केल्यावर जागेवर राहिलं.

ऊन हा मात्र खरा प्रश्न. रंगीत कागद उन्हात विटतो, आणि स्वस्तातल्या कागदाचे लाल-गुलाबी आधी. दाराच्या बाहेरच्या बाजूला दुपारी दोन तास ऊन येतं, म्हणून आतल्या बाजूला लावलं. लेकीचं कडं वर्तमानपत्राच्या पानांचं आहे, रंग न देता. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, शिल्लक असतं, त्यामुळे तो उजेडात पिवळा पडत जातो. तिचं बाहेर, भर उन्हात टांगलंय. बघू कुणाचं आधी पिकतं ते.