दीड दिवस एका ओळीच्या दाखल्यासाठी

वडील गेले त्यानंतर ख्रिस्ती दफनाची पेटी, गाडी, फुलं, पाळक (चर्चचे धर्मगुरू), सगळं दोन-तीन तासांत ठरलं. अडलं ते मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या समुदायाच्या, दाखल्यातल्या एका ओळीवर: "सदर व्यक्ती आमच्या मंडळीची सभासद होती." या ओळीने दीड दिवस खाल्ला. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

गुंता असा. वडिलांचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) एका मंडळीत. शेवटची नऊ वर्षं उपासनेला जाणं दुसऱ्या मंडळीत. दफनभूमी तिसऱ्याच चर्चच्या ताब्यात. तिसरे म्हणाले, सभासदत्वाचा दाखला आणा. दुसऱ्यांनी रजिस्टर उघडलं: दर रविवारी यायचे खरे, पण बदलीपत्र (जुन्या मंडळीने नव्या मंडळीला सभासद सोपवल्याचं पत्र) कधी आलंच नाही, त्यामुळे यादीत नाव नाही. पहिल्यांच्या ऑफिसात उत्तर मिळालं की वर्गणी बंद आहे, नाव निष्क्रिय यादीत गेलंय, कमिटीच्या ठरावाशिवाय दाखला निघणार नाही. बैठक पुढच्या महिन्यात! एक अवयव दुखला की सगळे दुखतात, हे बायबलमधलं १ करिंथ १२:२६ तिथे कोणालाही झोपेतून उठवून विचारा, तोंडपाठ असेल.

माझंही चुकलं. मी "सभासदत्वाचा दाखला" हेच शब्द धरून बसलो. मागायला हवा होता बाप्तिस्मा नोंदवहीचा उतारा. सभासदत्व बंद पडतं, बाप्तिस्मा पडत नाही, आणि उताऱ्याला ठराव लागत नाही, जुनी वही काढून बघावी लागते इतकंच. वर्ष माहीत नसेल तर वही उलटताना तास जातो. जन्मवर्षापासून पुढची चार-पाच वर्षं बघायला सांगा. आमच्याकडे नोंद सापडली तरी नावात घोळ निघाला. बाप्तिस्म्याचं नाव एक, आयुष्यभर वापरलेलं दुसरं. आई-वडिलांची नावं दोन्ही कागदांवर जुळली म्हणून निभावलं. दोन्ही नावं असलेला एखादा कागद आधीच काढून ठेवा.

तरी गाडी हलली ती उताऱ्याने नाही, फोनने. दुसऱ्या मंडळीच्या पाळकांनी तिसऱ्यांच्या पाळकांना थेट फोन केला आणि लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या: हे आमच्याकडे प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेत होते, दफनविधी मी करणार, कबरीची जबाबदारी अमुक नातेवाइकाची. दफनभूमीच्या कमिटीला मुळात एवढंच हवं असतं: माणूस कोण, विधी कोण करणार, पुढे कबर कोण सांभाळणार. ऑफिसातल्या माणसाला हे सुचत नाही, कारण त्याच्या फॉर्ममध्ये रकाना एकच. तेव्हा फेऱ्या मारू नका. पहिल्याच तासात पाळकांनाच पाळकांशी बोलायला लावा. शिक्का आणि तारीख असल्याशिवाय पत्र उचलू नका, मला परत जावं लागलं.

कुटुंबाची जुनी कबर उघडायची असेल तर आणखी दोन गोष्टी लागतात: कबर ज्याच्या नावावर आहे त्याची लेखी संमती, आणि शेवटच्या दफनाची तारीख. किती वर्षं जाऊ द्यायची हे प्रत्येक कमिटीचं वेगळं असतं. खणायला माणसं लावण्याआधी विचारा.

खणणाऱ्यांना पेटीचं माप कड्यांसकट द्या. पेटी खांद्यापाशी सगळ्यात रुंद, त्यात दोन्ही बाजूंच्या कड्या बाहेर येतात. आम्ही नुसत्या लाकडाचं माप दिलं, आणि लोक उभे असताना एक बाजू पुन्हा तासावी लागली. खालून पट्टे ओढून काढायलाही चारी बाजूंनी तीन-चार इंच मोकळे लागतात.

घरात एक जण कॅथोलिक आणि बाकीचे नसतील, तर हे लक्षात ठेवा: १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे (कॅनन ११८३), इतर मंडळीतल्या बाप्तिस्माप्राप्त माणसाचा अंत्यविधी कॅथोलिक चर्चमध्ये होऊ शकतो. मात्र त्याचा स्वतःचा पाळक उपलब्ध नसावा आणि त्याची इच्छा उघडपणे विरुद्ध नसावी. परवानगी बिशपांच्या पातळीवरची, त्यामुळे फादरना आदल्या रात्रीच सांगा.

दोन मंडळ्यांची माणसं एकत्र गाणार असतील तर गीताचा नुसता क्रमांक सांगू नका. पुस्तकं वेगळी, क्रमांक वेगळे. अर्धे लोक भलतंच पान उघडून बसतात. पहिली ओळ वाचून दाखवा. प्रभूच्या प्रार्थनेतही तेच: कॅथोलिक मंडळी "वाइटापासून सोडव" इथे थांबतात, बाकीचे "कारण की राज्य" म्हणत पुढे जातात. पाळकांनी आधी एक वाक्य सांगितलं की कोणी अवघडत नाही.

सांत्वनाला येणाऱ्यांबद्दल तक्रार नाही, पण सगळे पहिल्या आठवड्यातच येतात. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडल्यावर बिघडलं. दुसऱ्या मंडळीच्या सेक्रेटरीबाईंनी मात्र सहा आठवड्यांचा तक्ता केला, दर आठवड्याला एक घर, आणि त्यात तीन नावं पहिल्या मंडळीतली घातली. दाखला न देणाऱ्या ऑफिसच्याच मंडळीतली ही माणसं चौथ्या आठवड्यात आली, आईजवळ तासभर बसली, फार बोलली नाहीत.

दफनाची नोंद कुठल्या वहीत झाली, रांग आणि कबरीचा क्रमांक काय, हे त्याच आठवड्यात लिहून घ्या. आणि घरात कोणी मंडळी बदलली असेल तर बदलीपत्र आजच मागा. आईचं मी गेल्या महिन्यात दिलं. पोच शिक्क्यासकट फाईलमध्ये आहे.