आमची वाटचाल: दोष बॅटरीचा नव्हता

सुरुवात साध्या सायकल दुरुस्तीची. पंक्चर, ब्रेकच्या तारा, चाकाचा आऊट काढणे. पुढे जुन्या सायकलींना मोटरचे किट बसवू लागलो आणि मग बॅटरी पॅकही स्वतःच जोडायला लागलो. खरी डोकेदुखी तिथून सुरू झाली.

एक गिऱ्हाईक महिन्याभरात बॅटरी घेऊन परत आले. "निम्म्या रस्त्यातच बसते," म्हणाले. आम्ही मुकाट्याने बदलून दिली. दुसरीही परत आली, तिसरीही. सेल तपासले, वेल्डिंग तपासले, कंट्रोलर बदलला. काहीच सापडेना. शेवटी मी त्यांच्या मागोमाग सायकल काढली. चढ लागला तरी गृहस्थ मागच्या सर्वांत लहान चकतीवरच, म्हणजे सर्वांत जड गिअरमध्ये! पायडल जेमतेम फिरत होते आणि मोटर कण्हत होती.

त्यांची मोटर पायडलपाशी बसणारी, म्हणजे मिड-ड्राइव्ह. तिची ताकद चेनमधून, गिअरमधूनच चाकाकडे जाते. पुढे 42 दाते आणि मागे 11 असले, की पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ पावणेचार वेळा फिरते. मागे 32 असतील तर सव्वा ते दीड वेळाच. जड गिअरमध्ये चढावर मोटर हळू फिरते, जोर मात्र जास्त लावते, आणि जोर म्हणजे करंट. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली, म्हणजे मोटरच्या तारेच्या गुंडाळीतली, उष्णता चौपट होते. ती उष्णता बॅटरीतूनच आलेली असते, पण सायकल त्याने इंचभरही पुढे जात नाही. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांचा पॅक म्हणजे 360 वॉट-तास. 10 अँपिअर ओढले तर हिशेबाने तासभर पुरेल, 20 ओढले तर अर्धा तासही नाही. त्यात जास्त ओढीने व्होल्टेज खाली बसते, आणि पॅकमध्ये चार्ज शिल्लक असतानाच बीएमएस, म्हणजे पॅक सांभाळणारे सर्किट, पुरवठा तोडते. "निम्म्या रस्त्यात बसते" ते हेच.

चूक आमचीही होती. किट विकताना गिअरबद्दल आम्ही अवाक्षर काढत नव्हतो. उलट वेगाच्या हौसेपायी पुढे मोठी चकती बसवून द्यायचो. आता लहान बसवतो. आणि सायकल ताब्यात देण्याआधी गिऱ्हाइकाला चढावर नेतो: पायडल मिनिटाला 70-80 फेरे फिरले पाहिजेत, चढ लागण्याआधीच हलका गिअर टाकायचा, थांबण्याआधीही. गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर सैल सोडायचा, नाहीतर मोटरच्या ओढीने चेन आणि दाते दोन्ही लवकर झिजतात.

हब मोटरवाले म्हणतात, आम्हाला याचे काय? खरे आहे, चाकातल्या मोटरला मागची चकती कळत नाही. तिचा वेग चाकाचा वेग. पण जड गिअरमध्ये पाय अडले की पायांचा वाटाही मोटरवरच पडतो, आणि चढावर रेंगाळणारी हब मोटर चांगलीच तापते. अशांना आम्ही चढाचा रस्ता असेल तर मिड-ड्राइव्हच सुचवतो, त्यात एखादी विक्री हुकली तरी.

परत आलेले ते तीनही पॅक आम्ही नंतर सावकाश डिस्चार्ज करून मोजले. क्षमता भरली. अजून आमच्या ट्रायलच्या सायकलीवर आलटून पालटून चालतात.