तुम्ही विचारलंत म्हणून: उथळ समुद्रातल्या बोनफिश माशासाठी एकच फ्लाय, म्हणजे गळावर केस-धागे बांधून केलेलं खोटं आमिष, न्यायची तर?

क्रेझी चार्ली. झालं समाधान? नाही होत. कारण लगेच पुढचा प्रश्न येतो: गुलाबी की बदामी? बहामाला निघालेला प्रत्येक जण मला रंग विचारतो. डोळे कुणीच विचारत नाही.

1977 साली बहामातल्या अँड्रॉस बेटावर बॉब नॉहाइमनं ही फ्लाय बांधली आणि चार्ली स्मिथ या गाइडवरून तिला नाव पडलं, हे तुम्हाला पाठ आहे. पण तिचे ते साखळीच्या मण्यांचे डोळे काही माशाला दाखवायला नाहीत, वजनाला आहेत. ते गळाच्या दांड्यावर असे बांधलेले असतात की पाण्यात फ्लाय उलटते, गळाचं टोक वर राहतं आणि ती गवतात न अडकता तळावर कोळंबीसारखी टुणटुणते. बोनफिश तळाशीच चरतो. बाकीचे केस आणि चमक हौसेची, असं मी म्हणतो. बांधताना मात्र त्यावरच तासन्‌तास घालवतो.

अँड्रॉसलाच एकदा वारा अगदी थांबला होता. पाणी घोट्याच्या जरा वर, आणि समोर शेपट्या वर काढून चरणारा थवा. फेक उत्तम पडली, उगाच विनय नको. मण्यांचा ‘टप्’ असा आवाज झाला आणि थवा गायब. दुसऱ्या थव्याचंही तेच. गाइडनं काही न बोलता दोरी ओढून घेतली, पकडीनं माझ्या फ्लायचे दोन्ही डोळे तोडले आणि खिशात टाकले. पैसे मी मोजलेले, फ्लाय मी बांधलेली! मी इतका चिडलो की पुढची फेक रागातच गेली. फ्लाय कापसासारखी उतरली. एक मासा वळला, त्यानं डोकं खाली घातलं, शेपूट वर आली आणि रीळ किंचाळलं. मासा सोडून दिल्यावरही मी त्या माणसाशी धड बोललो नाही.

पूर्वी मी सांगायचो, सहा प्रकारच्या फ्लाय न्या. आता म्हणतो, एकच न्या, पण तीन वजनांत: बिनडोळ्यांची, मण्यांची, आणि कमरेएवढ्या वाहत्या पाण्यासाठी शिशाच्या डोळ्यांची. मग ती एक झाली की तीन, असं विचाराल. विचारा.

आणि एका माशावरून तो गाइड बरोबर ठरतो, हेही मला मान्य नाही. बिनडोळ्यांची फ्लाय खोल पाण्यात माशाच्या डोक्यावरून तरंगत जाते, तिथे ती काय कामाची? शिवाय त्या सकाळी भरती लागलेली होती. त्याची तोडफोड होऊन मी पुन्हा फेक करेपर्यंत पाणी चार बोटं तरी चढलं होतं. तेवढ्या पाण्यात मण्यांचीही चालली असती.